बेडूक बनवल्यावर जादूगार दमतो का?

गेले काही महिने मी भाचीला रोज रात्री फोनवर गोष्ट सांगतेय, स्वतःच्याच मनाने रचलेली, आणि तिच्यात एक म्हातारा जादूगार आहे जो रोज काहीतरी नवीन उपद्व्याप करून ठेवतो. परवा त्याने रिकाम्या टेबलावर चुटकी वाजवून बेडूक आणला. मला वाटलं पोरगी खूश होईल, पण पलीकडे नुसती शांतता, आणि मग प्रश्न आला, "ए मावशी, मग तो दमला का?" मी म्हटलं अगं जादूच ती, त्यात दमायचं काय. तर म्हणते, "मागे त्याने नुसतं कपाट उचललं तेव्हा तू म्हणालीस घाम फुटला. आणि आता अख्खा बेडूक केला तर काहीच नाही?"

वय वर्षं ९. तो घाम मी साफ विसरले होते, तिच्या बरोबर लक्षात होता. "हो दमला, झोपला, आता तू पण झोप" म्हणून वेळ मारून नेली पण प्रश्न काही डोक्यातून जाईना, कारण नीट बघितलं तर जादू खोटी आहे अशी तिची तक्रारच नव्हती. जादू तिला मान्य होती, हिशोब मान्य नव्हता.

मग रात्री शोधत बसले आणि कळलं की हाच प्रश्न, अगदी बेडकासकट, लोकांनी रीतसर एक्स्पेरिमेंट करून विचारलाय! जॉन मकॉय आणि टोमर उलमन या दोघांचा २०१९ चा पेपर आहे, प्लॉस वन नावाच्या जर्नलमध्ये. त्यांनी लोकांना वेगवेगळे मंत्र दिले आणि विचारलं की यातला कुठला मंत्र टाकायला जादूगाराला जास्त कष्ट पडतील. आता खरं तर या प्रश्नाला उत्तरच नाहीये, जादू अस्तित्वात नाही तर तिचे कष्ट कुठून मोजणार, त्यामुळे लोकांनी वाट्टेल ते ठोकून द्यायला हवं होतं. पण तसं झालं नाही. उत्तरं बऱ्यापैकी एका ओळीत आली. शून्यातून बेडूक आणणं हे त्याला जमिनीपासून फूटभर उचलण्यापेक्षा जास्त कष्टाचं, यावर लोकांचं जमलं. पुढच्या प्रयोगात त्यांनी प्राणी बदलला आणि प्रमाणही बदललं, म्हणजे बेडकाऐवजी गाय, फूटभराऐवजी शंभर फूट, आणि यातली खरी गंमत अशी की प्रत्येकाला एकच प्रकार दाखवला तरीही फरक दिसला, म्हणजे ज्याला गायीबद्दल विचारलं त्याला बेडूक माहीतच नाही आणि तरी गायीला कष्ट जास्तच. तिसऱ्या वेळी तर काय तपासणार ते आधीच जाहीर करून सगळं परत केलं, आणि परत तेच निघालं.

त्याच्या दोन वर्षं आधी, २०१७ मध्ये, अँड्र्यू श्टुलमन आणि केटलिन मॉर्गन यांनीही साधारण हेच पकडलं होतं. मंत्राने बास्केटबॉल तरंगवणं सोपं की बोलिंगचा तो जड गोळा तरंगवणं सोपं? दोन्ही अशक्यच आहेत. अशक्यात कसलं आलंय कमीजास्त. पण आपल्याला वाटतंच ना की गोळा जड आहे, जास्त जोर लागणार. मंत्राला वजन कशाला कळायला हवं हा प्रश्न आपल्या मनात येतसुद्धा नाही.

इथे माझी ट्यूब पेटली. मी इतके दिवस समजत होते की फँटसी म्हणजे फिजिक्सला सुट्टी. तसं काही नसतं. फिजिक्स सगळं जागच्या जागी असतं, लेखक त्यातला एखादाच खिळा उपटतो आणि वाचक बाकीचे खिळे आहेत तसेच धरून चालतो. मारी-लॉर रायन नावाच्या अभ्यासक बाईंनी १९८० मध्येच याला नाव दिलेलं आहे, किमान फारकतीचं तत्त्व म्हणू या आपण मराठीत, म्हणजे गोष्टीत जे वेगळं आहे असं सांगितलं नसेल ते आपल्या जगासारखंच समजायचं. मी सांगितलं जादूगार चुटकी वाजवतो. त्याला श्रम होत नाहीत असं मी कुठे सांगितलं होतं? नाही ना. मग भाचीने तिच्या बाजूने श्रम धरले. बरोबरच आहे तिचं.

आणि हे धरून चालणं आपण शिकतो कधी तर बोलता यायच्या कितीतरी आधी. १९८५ चा एक गाजलेला प्रयोग आहे, रेने बायार्जां, एलिझाबेथ स्पेल्की आणि स्टॅन्ली वॉसरमन यांचा. पाच महिन्यांच्या बाळांसमोर एक फळी उभी होत होत मागे पडते, आणि मागे एक खोका ठेवलेला असतो. फळी खोक्याला टेकून थांबली तर बाळ थोडा वेळ बघतं आणि सोडून देतं, पण फळी खोक्याच्या जागेतून आरपार गेल्यासारखी दिसली तर जास्त वेळ टक लावून बघत राहतं. पाच महिने म्हणजे अजून मान सावरण्याचे दिवस जेमतेम संपलेत आणि "हे असं होत नसतं" एवढं पक्कं झालेलं आहे. जादूचे कष्ट आपण मोजतो ते याच फुटपट्टीने. म्हणून जादूच्या सिस्टीमचा, म्हणजे गोष्टीतली जादू कुठल्या नियमांनी चालते त्याचा, शास्त्रीय अभ्यास असं कुणी म्हटलं की मला आता जादूगार दिसत नाही, ती फुटपट्टी दिसते.

पण ही फुटपट्टी आणि खरं फिजिक्स यांच्यात केवढा फरक आहे ते मला बघायचंच होतं, म्हणून कागद घेऊन बसले. (कुणाला आकड्यांचा कंटाळा असेल तर पुढचे दोन परिच्छेद सोडा, मला फार मजा आली म्हणून लिहितेय.) समजा बेडूक ३० ग्रॅमचा. त्याला फूटभर उचलायला ऊर्जा लागते ०.०९ ज्यूल, म्हणजे काहीच नाही, आपण पेन उचलतो त्याच्या आसपास. आता तोच बेडूक खरोखर शून्यातून, शुद्ध ऊर्जेतून बनवायचा म्हटला तर आइनस्टाइनचं ते प्रसिद्ध समीकरण, ३० ग्रॅम गुणिले प्रकाशाच्या वेगाचा वर्ग, उत्तर येतं २७ वर चौदा शून्यं एवढे ज्यूल. हिरोशिमावर टाकलेला बॉम्ब साधारण १५ किलोटनांचा धरतात, तसले चाळीसेक बॉम्ब. एका बेडकासाठी! लोकांनी क्रम बरोबर लावला, बनवणं वर आणि उचलणं खाली, पण दोघांतलं अंतर कुणाच्या पोटात मावणारं नाहीये. आपलं आतलं फिजिक्स क्रम लावण्यापुरतं पक्कं आणि आकड्यांना अगदी ढ.

मग म्हटलं म्हाताऱ्याला एवढं कशाला छळा, शून्यातून नको, आजूबाजूच्या हवेतून बनव. बेडकात बहुतेक पाणीच, पाचातले चार भाग तरी, ते हवेतल्या दमटपणातून आरामात निघेल. उरलेल्यात मुख्य माल कार्बन, साधारण तीन ग्रॅम. तीन मीटर लांब, रुंद, उंच अशा खोलीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइडच्या रूपात पाचेक ग्रॅम कार्बन असतो, म्हणजे एका खोलीत एक बेडूक होतो, दुसरा करायचा तर खिडकी उघडावी लागेल. नायट्रोजन तर हवा तेवढा. अडतं कुठे माहितीये? हाडांपाशी. हाडांना कॅल्शियम आणि फॉस्फरस लागतं, ते हवेत नसतं. पण राखेत असतं! गोष्टीतले जादूगार जन्मभर ती चिमूटभर राख का फुंकत आलेत त्याचं कारण मला अखेर सापडलं असं मी जाहीर करते. कुठल्याही गोष्टीत हे कारण दिलेलं नाही आणि माझ्या आधी कुणाला सुचलं असेल तर मला सांगू नका.

बेडूक तरंगवण्याचं तर विचारूच नका, ते झालेलंच आहे. १९९७ मध्ये नेदरलँड्समधल्या नाइमेखन इथे आंद्रे गाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधारण १६ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाचा जोर मोजायचं एकक) चुंबकाच्या पोकळीत जिवंत बेडूक अधांतरी ठेवला. मंत्र नाही, तंत्र नाही, पाणी चुंबकाला किंचित दूर ढकलतं आणि बेडूक म्हणजे बराचसा पाणीच, एवढंच कारण. २००० मध्ये गाइमना मायकेल बेरींसोबत याच कामासाठी इग नोबेल मिळालं, ते हसवणारं, आणि २०१० मध्ये ग्राफीन नावाच्या कार्बनच्या अतिपातळ पदार्थासाठी खरं नोबेल. म्हणजे जादूगाराच्या यादीतला सोपा मंत्र लॅबमध्ये जमला आणि अवघड मंत्राच्या जवळपासही कुणी फिरकलेलं नाही. लोकांची पोटातली यादी इतकी काही वाईट नाहीये मग.

आता यातलाच एक वेगळा धागा, मला सगळ्यात जास्त आवडलेला. टॉम ग्रिफिथ्स म्हणून आहेत, त्यांचा २०१५ चा पेपर. फुलदाणीचा गुलाब केला तर भारी वाटतं का गुलाबाची फुलदाणी केली तर? स्वतःलाच विचारून बघा पटकन. बहुतेकांना फुलदाणीचा गुलाब भारी वाटतो. बदल दोन्हीकडे तेवढाच आहे, पण निर्जीवाकडून सजीवाकडे, सजीवातही अधिक अक्कल असणाऱ्याकडे जाणारी जादू लोकांना जास्त रंजक वाटते, उलटी जादू फिकी वाटते. मग त्यांनी तीच रूपांतरं मंत्राऐवजी मशीन करतंय असं सांगून विचारलं, की असं मशीन असू शकेल असं कितपत वाटतं. तिथे हा डावाउजवा फरक दिसला नाही. पण मशीन किती इंटरेस्टिंग वाटतं विचारल्यावर फरक परत हजर. म्हणजे शक्य काय वाटतं आणि थक्क कशाने व्हायला होतं हे डोक्यात दोन वेगळ्या कप्प्यांत आहे.

हे वाचल्यावर मला माझ्याच गोष्टीतला एक फसलेला भाग आठवला, त्यात चेटकिणीने राजपुत्राचा दगड केला होता आणि भाचीने जांभई दिली होती. चार दिवसांनी दगडाचा परत राजपुत्र झाला तेव्हा मात्र ती उठून बसली. मी आपलं श्रेय माझ्या सांगण्याला दिलं होतं.

कष्टांचं झालं, आता मंत्र लागू कसा होतो त्याबद्दल. गोष्टीतला जादूगार कुणाला शाप द्यायचा तर त्याचा केस मागतो, नाहीतर बाहुली करतो. कुठल्याही देशातली गोष्ट घ्या, हेच. जेम्स फ्रेझर यांनी १८९० मध्ये 'द गोल्डन बाऊ' हा ग्रंथ काढला आणि पुढे तो वाढवत नेला, त्यात याचे दोन नियम मांडलेत, सारख्याचा परिणाम सारख्यावर होतो (ती बाहुली) आणि एकदा जे स्पर्शात आलं ते वेगळं झालं तरी जोडलेलंच राहतं (तो केस). फ्रेझरना वाटायचं ही मागासलेल्यांची समजूत. आता तसं म्हणायची सोय राहिलेली नाही, कारण पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये अमेरिकन कॉलेजातल्या पोरांवर प्रयोग केले. दोन बाटल्यांत त्यांच्या डोळ्यांदेखत साखर ओतली, एकीवर साखरेचं लेबल आणि दुसरीवर सायनाइडचं, आणि कुठलं लेबल कुठे लावायचं तेही त्या पोरांनीच ठरवलं, स्वतःच्या हाताने चिकटवलं. तरीसुद्धा सायनाइड लिहिलेल्या बाटलीतली साखर घातलेलं पेय प्यायला ती का-कू करायला लागली. आत साखर आहे हे माहितीये, लेबल आपणच लावलंय हेही माहितीये, आणि हात पुढे जात नाही. म्हणून मला वाटतं नावाने चालणारी जादू गोष्टीत वाचकाला समजवावी लागत नाही. खरं नाव कळलं की माणूस ताब्यात येतो असं नुसतं लिहा, कुणी का म्हणून विचारत नाही. तेच जर लिहिलंत की जादूगार शत्रूच्या बुटाच्या नंबरावरून त्याला वश करतो, तर दोन पानं खुलासा करत बसावं लागेल.

लेखकांच्या बाजूने यावर ज्याचं नाव सगळ्यात जास्त घेतलं जातं तो म्हणजे फँटसी लेखक ब्रँडन सँडरसन. २००७ मधल्या एका निबंधात त्याने त्याचा पहिला नियम मांडला, की लेखक जादूने पेच किती सोडवू शकतो ते वाचकाला ती जादू किती समजलीये यावर ठरतं. त्याचा दुसरा नियम की शक्तीपेक्षा मर्यादा जास्त महत्त्वाच्या. नियम कडक सांगितलेली ती हार्ड मॅजिक, धुक्यात ठेवलेली ती सॉफ्ट. हे सगळं मला पटतं, पण फँटसी वाचणारी मंडळी हल्ली हे असं बोलतात की जणू मर्यादांचा शोध या शतकातच लागला, तेव्हा मला जरा हसू येतं.

सोमदेवाचं कथासरित्सागर अकराव्या शतकातलं आहे. त्यात इंद्रदत्ताची गोष्ट बघा. त्याला आणि त्याच्या दोन मित्रांना गुरुदक्षिणेसाठी प्रचंड सोनं हवंय, नंद राजाकडे मागायला जातात तर राजा नुकताच मेलेला. इंद्रदत्ताला परकायाप्रवेश येतो. तो राजाच्या शरीरात शिरतो, त्याचं स्वतःचं शरीर देवळात पडून राहतं आणि व्याडी नावाचा मित्र त्याची राखण करतो. किती नेटका नियम आहे बघा, आत्मा हलतो, शरीर हलत नाही, आणि शरीर जपावं लागतं. मंत्री शकटाल हुशार. मेलेला राजा उठून बसला आणि लगेच सोनं वाटायला निघाला म्हटल्यावर त्याला संशय येतो, आणि तो काय करतो तर राज्यात जेवढी प्रेतं असतील तेवढी जाळून टाका म्हणून हुकूम सोडतो. संपलं. इंद्रदत्त कायमचा राजाच्या देहात अडकला. मला यात सगळ्यात काय आवडतं तर मंत्र्याला स्वतःला एकही मंत्र येत नाही, त्याने फक्त समोरच्याच्या सिस्टीमचे नियम नीट ओळखले आणि जिथे ती तुटते तिथे काडी लावली. हार्ड मॅजिक हार्ड मॅजिक म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

अजून एक, लिहिणाऱ्यांसाठी खास. पौर्णिमेलाच चालणारा मंत्र असं आपण सहज लिहून टाकतो ना, वातावरणनिर्मिती म्हणून? त्यात मोठी भानगड आहे. एमी नोएथर या गणितज्ञ बाईंनी १९१८ मध्ये सिद्ध केलेलं प्रमेय असं सांगतं की निसर्गाचे नियम आज, काल, उद्या सारखेच असतील तरच ऊर्जा टिकून राहते. आता समजा पौर्णिमेच्या रात्री मंत्राने दगड हलके होतात. त्या रात्री डोंगरावर शंभर धोंडे सहज चढवायचे, दुसऱ्या दिवशी ते पूर्ण वजनाचे झाले की खाली सोडायचे आणि त्यावर गिरणी फिरवायची. फुकट ऊर्जा, दर महिन्याला, कायम. म्हणजे तुम्ही फक्त चंद्र छान दिसतो म्हणून तो नियम घातला आणि नकळत ऊर्जा टिकण्याचा अख्खा नियमच रद्द केला, आणि मग त्या राज्यात अजून लोक लाकूड का फोडतायत, पाणी का शेंदतायत, याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागणार. (चंद्रच त्या रात्री ऊर्जा पुरवतो असं म्हणून सुटता येतं, पण मग चंद्राचं हळूहळू काय होतंय तेही बघायला हवं.) अदृश्य माणसाचंही तसंच, डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश अडला नाही तर दिसणार कसं, तो आंधळा व्हायला हवा, पण ही तक्रार फार जुनी झाली.

तर या सगळ्याचा माझ्या म्हाताऱ्यावर परिणाम असा झाला की त्याचं शून्यातून बेडूक काढणं मी बंद केलं. चाळीस बॉम्ब परवडत नाहीत. राखेचा प्रकार पण सोडला कारण भाचीने विचारलं असतं की बेडकाचं काळीज राखेला कसं बनवता आलं, आणि मला ते येत नाही. आता तो बेडूक दुसरीकडून उचलून आणतो, एका तळ्यातून, पापणी लवायच्या आत.

तळं किती लांब ठेवायचं यावर अख्खी संध्याकाळ घालवली. पृथ्वी फिरतेय ना. विषुववृत्तावर सगळं सेकंदाला ४६५ मीटरने पूर्वेकडे पळतंय, ६० अंश उत्तरेला त्याच्या निम्म्याने. तळं विषुववृत्तावर आणि जादूगाराचा मनोरा ६० अंशावर असेल तर येताना बेडूक आपला वेग घेऊन येणार, ताशी ८०० किलोमीटरच्या वर, आणि तो टेबलावर बसणार नाही, भिंतीवर बसेल. म्हणून तळं मनोऱ्याच्या मागेच ठेवलं, जेमतेम हाकेच्या अंतरावर. कष्ट किती ठरवले तर चार जिने चढल्याएवढे. धाप लागते, तो खुर्चीत बसतो, पाणी पितो.

काल रात्री हे सगळं सांगितलं, म्हणजे आइनस्टाइन वगैरे नाही, फक्त तळं आणि धाप. ऐकून घेतलं. धाप चार जिन्यांची आहे हे तिला पटलं, कपाटाच्या वेळी किती जिन्यांची होती ते विचारून झालं (सहा म्हटलं, चाललं). मला वाटलं सुटले.

"मग तळ्यातले बाकीचे बेडूक काय म्हणतात?"

मी म्हटलं कशाबद्दल.

"अगं त्यांच्यातला एक एकदम नाहीसा होतो ना. रोज."

तेव्हा जादूगार सध्या बाजूलाच पडलाय. कालपासून गोष्ट तळ्यात सुरू आहे, तिथे एक म्हातारी बेडकीण रोज अंधार पडला की सगळ्यांना पानांवर बसवून मोजते, आणि रोज एक कमी भरतो. आज रात्री तिला मनोऱ्याच्या खिडकीतला दिवा दिसणार आहे.